शाळा सोडल्याची ओळ

शिनो वाकुईचा उजवा पाय टेबलाखाली हलायला लागला, की तिचा प्रचार सांभाळणारे हिरुमा-सान आपला चहाचा कप उचलून हातात धरायचे. नाहीतर टेबल हलायचं आणि चहा कागदांवर. तीन निवडणुका त्यांनी अशाच कप हातात धरून काढल्या होत्या.

"पाय," ते म्हणाले.

"हलू दे. निदान काहीतरी हलतंय आपल्या ऑफिसात."

ऑफिस कसलं, नागिउराच्या बाजारातलं बंद पडलेलं चपलांचं दुकान ते. काचेवर 'गमबूट, सर्व साइझ' अशी अक्षरं अजून अर्धी चिकटलेली. दुपारचे तीन. बंदरावरनं येणारा वारा शटर वाजवायचा आणि दर वेळी शिनो दाराकडे बघायची. दारात कोणीच नसायचं.

आज गुरुवार. मंगळवारी अर्ज भरायचे आणि त्याच दिवशी प्रचार सुरू. त्याआधी, उद्या सकाळी, निवडणूक कचेरीत पत्रकाचा नमुना तपासून घ्यायचा होता. हे पत्रक सरकारच घरोघर टाकतं. प्रत्येक उमेदवाराला एकच चौकोन. त्यात फोटो, आख्खं आयुष्य आणि वर वचनं. हिरुमा-सान सरकारी कचेरीत तीस वर्षं घासून आलेले, त्यामुळे ते चौकोन पट्टीने मोजत होते. आणि त्या चौकोनात सगळ्यात जाड अक्षरांत एक ओळ होती:

'सोळाव्या वर्षी रात्रशाळा सोडली. खेकड्याच्या कारखान्यात कामाला लागले.'

ही ओळ म्हणजे शिनोचं सगळं भांडवल. समोर तातेइवा. त्याचा आजा मंत्री, बाप मंत्री, तो स्वतः टोकियोच्या मोठ्या विद्यापीठातला, वर दोन वर्षं अमेरिकेत काढलेली. भाषणात तो 'जागतिक परिस्थिती' म्हणायचा तेव्हा बंदरावरचे म्हातारे जांभया द्यायचे. शिनो खोक्यावर चढायची आणि म्हणायची, "मी शाळा सोडलेली बाई आहे." की झालं. मासळी बाजारातल्या बायका रुमाल काढायच्या.

तरी ती हरायचीच. पहिल्यांदा सपशेल. दुसऱ्यांदा इथे पडली, पण थोडक्यात हरणाऱ्यांना पक्षाच्या यादीतून जागा मिळते, तशी संसदेत गेली. तातेइवाची माणसं तिला तेव्हा 'भूत खासदार' म्हणायची, मेली तरी हिंडतेय म्हणून. तिसऱ्यांदा अकराशे चाळीस मतांनी पडली आणि भूतसुद्धा राहिली नाही. आता चौथी खेप. पक्षाच्या टोकियोतल्या माणसाने फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "वाकुई-सान, या वेळी नाही जमलं तर नागिउराला आम्ही नवा चेहरा देऊ." चेहरा! जसा काही साबणच विकायचाय.

"सेन्सेई!" दारातनं होनामी ओरडली. होनामी म्हणजे प्रचाराच्या गाडीतून पुकारणारी बाई, पूर्वी सहलीच्या बसवर गाइड होती. तिचा साधा आवाजही दोन गल्ल्या ऐकू जायचा.

शिनोने मान वर केली. सेन्सेई म्हणजे गुरुजी, पण खासदार होती तेव्हापासून सगळे तिलाही सेन्सेईच म्हणायचे.

"तुम्ही नाही हो. खरे सेन्सेई आलेत."

दारात इगाराशी सेन्सेई. रात्रशाळेत गणित शिकवायचे. आता ऐंशीला टेकलेले, गळ्यात टाय, हातात कापडी गाठोडं. शिनोने त्यांना वीसेक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती उठून इतकी खाली वाकली की कपाळ टेबलाला लागायचं राहिलं.

"बस, बस. घर आवरतोय मी," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमात जातोय. खोली एवढीशी आहे, त्यामुळे सगळं ज्याचं त्याला देऊन टाकतोय. हे तुझं."

गाठोड्यातून आधी संत्री निघाली. मग काळी पुठ्ठ्याची नळी, पदवीदानाला देतात तसली. सेन्सेईंनी टोपण ओढलं. पॉक्!

कागद पिवळा पडला होता, पण शिक्का लालभडक. 'वाकुई शिनो. या शाळेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे असे प्रमाणित करण्यात येते. क्रमांक बाराशे सात.'

शिनोने तो दोनदा वाचला. मग उलटा करून मागे पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

"हे काय आहे?"

"तुझं प्रमाणपत्र."

"सेन्सेई, मी शाळा सोडली."

"अर्ज दिला होतास?"

"कसला अर्ज? मी यायची बंद झाले."

"मग? अर्ज आल्याशिवाय शाळा सुटत नाही. पटावर तू होतीस. पटावर होतीस म्हणून हजेरीत होतीस. चार वर्षांनी पास झालीस." इतके खूष होते ते. "शाळेच्या वहीत नोंद आहे, कधीही बघ. तो तातेइवाचा पोरगा तुझ्या शिक्षणावरून टोमणे मारतो ना, पेपरात वाचलं मी. म्हटलं, जाण्यापूर्वी पोरीला हे द्यावं. आता छाप ठसठशीत, शाळा पास म्हणून."

होनामीने टाळी वाजवली. "अगंबाई, शिनो-सान, तुम्ही तर पास झालात!"

हिरुमा-सानांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा गळालेल्या फुग्यासारखा झाला होता.

"हा कागद मी बघायला नको होता," ते म्हणाले.

"का?" शिनो म्हणाली. पण तिला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच एवढ्या जोरात विचारलं.

"काल छापलं असतं तर ती चूक ठरली असती. आज माहीत आहे, म्हणजे खोटं ठरेल. पत्रकात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर गुन्हा आहे. निवडून आलात तरी जागा जाईल."

"मग छापा, पास झाले!"

"आणि बारा वर्षं स्टेशनासमोर काय सांगत होतात? तातेइवाची माणसं पहिल्या तासाला विचारतील."

शिनो उभी राहिली. बसली. पुन्हा उभी राहिली. बारा वर्षं! पाऊस, बर्फ, सकाळी साडेसहाला ऑफिसला निघालेल्या लोकांसमोर घसा फोडून सांगितलेली एकच गोष्ट, आणि ती सरकारी वहीत खोटी? तिला एवढा राग आला की सेन्सेईंनी सोलून पुढे केलेलं संत्रं तिने तसंच परत त्यांच्या हातात दिलं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मी मागितलं होतं?"

"नाही."

"ठीक. मग मी सगळं सांगते. मंगळवारी, स्टेशनासमोर. न शिकताच मला पास केलं, बघा ही आपली शाळा. लोक उड्या मारतील!"

हिरुमा-सानांनी क्षणभर विचार केला. "हे मात्र चालेल," ते हळूच म्हणाले. "पेपरात पहिल्या पानावर येईल."

सेन्सेईंचं दुसरं संत्रं सोलणं थांबलं.

"माझं काही नाही," ते म्हणाले. "मला आता कोण काय करणार? पण शिनो, तू एकटी नव्हतीस. तुझ्यासारखे सहा जण होते."

शटर वाजलं, या वेळी शिनोने पाहिलं नाही.

"कोण?"

"नावं नाही सांगणार. एक जण नर्स आहे. त्या कागदाशिवाय नर्सिंगच्या शाळेत घेतच नाहीत. एक जण अग्निशमन दलात. एक बालवाडीत. वही उघडली की सगळ्यांचे क्रमांक ओळीने आहेत." मग ते जरा हसले. "एक तर तातेइवाला मत देतो. दर वेळी मला येऊन सांगतो."

* * *

बसस्टॉपपर्यंत ती त्यांच्याबरोबर गेली. ते हळू चालत होते, ती चार पावलं पुढे जायची आणि परत मागे यायची. बाजारात उमेदवारांच्या पोस्टरांसाठी सरकारी फलक लागले होते, नुसते रिकामे, वर आकडे.

"तुम्हाला कळत नव्हतं, हे सापडलं तर नोकरी जाईल?"

"कळत होतं."

"मग?"

"तू गणितात हुशार होतीस."

"सेन्सेई, मी एक परीक्षा दिली नाही!"

"दिलीस की." ते थांबले, श्वास घ्यायला. "दर बुधवारी मी कारखान्याच्या गेटवर यायचो. तुमची सहाची सुट्टी असायची."

शिनोला आठवलं. जाळीच्या पलीकडे छत्री घेऊन उभा राहणारा मास्तर. तुटक्या नांगीचे खेकडे स्वस्तात मिळतात म्हणून येतो, असं सगळ्या पोरी म्हणायच्या. आणि हा बाबा उगाच डोकं खायचा. पंच्याऐंशी खोक्यांतला बारा टक्के माल खराब निघाला तर उरला किती? बर्फ सहा तासांत एवढा वितळतो, मग जहाज येईपर्यंत किती टाकायचा? ती रबरी हातमोजे चावत उत्तरं फेकायची, कधी कधी शिव्यांसकट, आणि हा आपला मान डोलवत वहीत काहीतरी लिहायचा.

"ते... ते तुम्ही मार्क लिहायचात?"

"मग काय, चित्रं काढायचो? तुमची फोरमन बाई आणि तू मालाची नोंद करायचात, तो कागद मागून घ्यायचो मी. भाषेचा पेपर म्हणून. तुझं अक्षर घाण होतं. काठावर पास केलं."

"हे नियमात बसतं?"

"नाही बसत. वर्गात बसलेलं नियमात बसतं. मी माझ्या मनाने बसवलं. म्हणजे खोटंच केलं, त्यात काही शंका नाही." बस वळणावर दिसली. "पण तू शाळा सोडली होतीस असं मला कधी वाटलं नाही. शाळेनं तुला सोडलं असं वाटायचं. आता तुला काय छापायचं ते छाप."

"असं कसं? माझ्यावर टाकून चाललात?"

"टाकून कसला? माझी बस आली," म्हणाले, आणि खरंच चढले.

ती स्टॉपवर उभी राहिली. डोकं नुसतं भणभणत होतं. सांगितलं तर पेपरचं पहिलं पान. कदाचित ती अकराशे चाळीस मतंसुद्धा. आणि मग कोणीतरी ती वही उघडणारच. बाराशे सातच्या वरचा आकडा बघणार, खालचा बघणार. चाळिशी पार केलेली एखादी नर्स, सलाईन लावता लावता तिला कोणीतरी बाहेर बोलावणार. असल्याच लोकांना बाहेर काढू नका म्हणून शिनो संसदेत दोन वर्षं ओरडली होती. आता तीच त्यांना हाताला धरून बाहेर काढणार?

आणि न सांगता 'शाळा सोडली' म्हणत राहिली, तर दर वेळी तोंडातून खोटं. तिला खोटं बोलता यायचं नाही असं नाही. चार वाक्यं सहज बोलली असती. प्रचाराचे बारा दिवस, रोज चाळीस वेळा, ते मात्र जमलं नसतं.

* * *

शुक्रवारी सकाळी तिने नमुन्यावरची जाड ओळ पांढऱ्या पट्टीने झाकून टाकली.

"शिक्षण लिहायलाच हवं असं कायद्यात आहे?"

"नाही," हिरुमा-सान म्हणाले. "पण इथे आता पाच सेंटिमीटरचं भोक पडलंय. लोकांना वाटेल, दात पडला."

"दुसरं काहीतरी टाका."

"काय टाकू? तुमचं मत टाकू?" ते काही टोमणा मारत नव्हते. पण शिनोला तो बसला.

कारण मत कुठे होतं? दर निवडणुकीला पेपरवाले वीस प्रश्न पाठवायचे. विक्रीकर कमी करावा का, लग्नानंतर नवरा-बायकोने वेगळी आडनावं ठेवावीत का, किनाऱ्यावरची अणुभट्टी पुन्हा चालू करावी का. पहिल्या दोनांना ती पक्षाचं उत्तर द्यायची. अणुभट्टीला 'सांगता येत नाही' या चौकटीत खूण, कारण वीज कामगारांची संघटना तिला मतं द्यायची. शाळांबद्दल विचारलं तर 'दर्जेदार शिक्षण, सर्वांसाठी'. तातेइवाच्या पत्रकातही शब्दाला शब्द हेच होतं. बारा वर्षं ती गोष्ट सांगत होती आणि गोष्ट इतकी चांगली होती की पुढे काय करणार हे कोणी विचारलंच नव्हतं. तिनेसुद्धा नाही.

आणि इकडे प्रांताच्या सभागृहात ठराव पडून होता, तीन रात्रशाळा एकत्र करून एकच ठेवायची. नागिउराची बंद. पोरांनी दीड तास रेल्वेने जायचं.

तिने पेन उचललं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. चौथ्यांदा लिहिलेला कागद तिने हिरुमा-सानांकडे ढकलला:

'नागिउराची रात्रशाळा बंद होऊ देणार नाही. काम करणाऱ्या मुलांच्या कामाला शाळेचे गुण मिळालेच पाहिजेत. शिक्षकाने कामाच्या जागी जावे, परीक्षा तिथे घ्यावी, आणि हे नियमात बसवावे.'

हिरुमा-सानांनी वाचलं. बराच वेळ वाचलं.

"शिक्षक संघटना खवळेल," ते म्हणाले. "पक्षाची निम्मी पोस्टरं तीच लावते. कारखान्यात जाऊन परीक्षा? म्हणतील, आमच्यावर आणखी एक काम. आणि मालकांना फुकटचे हात."

"बरोबरच म्हणतील. मग भांडू. मावतंय का?"

त्यांनी पट्टी लावली. "दोन शब्द कमी करा."

* * *

मंगळवारी चिठ्ठ्या निघाल्या, तिला पोस्टरांच्या फलकावरचा तीन नंबर मिळाला. दहा वाजता स्टेशनासमोर पहिली सभा. खांद्यावरून नावाचा पट्टा, पायाखाली बिअरचं उलटं खोकं. समोर साठ-सत्तर माणसं, त्यात पुढे मासळी बाजारातल्या बायका. रुमाल तयार.

"नमस्कार. मी वाकुई शिनो."

टाळ्या. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. तिला ती वाट दिसत होती, अगदी चेहऱ्याचेहऱ्यावर. ते वाक्य आपोआप जिभेवर आलं, बारा वर्षांची सवय, आणि तिने दात घट्ट मिटले.

"आपल्या गावची रात्रशाळा बंद होणार आहे," ती म्हणाली. "तिच्यात आज एकतीस मुलं आहेत. त्यातली चोवीस दिवसा काम करतात."

आकडे. नुसते आकडे. ती बोलत गेली आणि तिलाच ऐकू येत होतं की भाषण कोरड्या भातासारखं घशात अडकतंय. मागची माणसं घड्याळं बघायला लागली. दोघं गेले. मग पाच.

"अगं शिनो, शाळेचं सांग की!" पुढची एक म्हातारी ओरडली. "खेकड्यांचं!"

हशा झाला. शिनो तापली.

"मावशी, ती गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे! तीनदा रडलात आणि तीनदा मी पडले. आज रडायचं नाही. आज मोजायचं."

म्हातारीने रुमाल पिशवीत कोंबला. रागावली की काय, कळेना. पण हलली नाही. चाळीसेक माणसं उरली, आणि भाषण संपलं तेव्हा टाळ्या पडल्या त्या चाळीस जणांच्याच.

खोक्यावरून उतरते तोच स्थानिक पेपरचा वार्ताहर आडवा आला. उंच, काटकुळा, हातात पत्रकाची प्रत.

"वाकुई-सान, या वेळी शाळेचा उल्लेखच नाही. भाषणातही नाही. काही झालंय का?"

हिरुमा-सान मागे उभे होते. त्यांनी श्वास धरलाय हे तिला न बघताही कळलं. तिच्या डोळ्यासमोर ती वही आली, ओळीने आकडे, एका खाली एक. एक शब्द इकडचा तिकडे झाला की हा माणूस दुपारी शाळेत जाऊन बसेल.

"माझ्या शाळेबद्दल मी खूप बोलले," ती म्हणाली. "आता नाही बोलणार. हे लिहून घ्या हवं तर, नाही बोलणार."

"का पण?"

"कारण मी बोलले की लोक माझ्याकडे बघतात. शाळेकडे नाही बघत."

"हे जरा टाळल्यासारखं वाटतं."

"वाटू दे. तसंही लिहा, वाकुईने टाळलं. पण खालची तीन वाक्यं वाचलीत का?"

त्याने पत्रकावर बोट फिरवलं. भुवया वर गेल्या. "कामाला शाळेचे गुण... शिक्षक कारखान्यात..." त्याने तिच्याकडे पाहिलं, आज पहिल्यांदाच नीट. "हे पक्षाचं धोरण आहे?"

"नाही."

"मग कोणाचं?"

"माझं."

"शिक्षक संघटनेशी बोललात?"

"उद्या ते स्वतःच फोन करतील. तुम्ही छापलंत की."

"छापू? तुमच्या नावावर?" तो म्हणाला. "माघार नाही घेणार नंतर?"

टोकियोतला तो गोड आवाज, नवा चेहरा, उद्या सकाळी पोस्टरं न लावता घरी बसणारे मास्तर, सगळं शिनोला एकदम दिसलं. गोष्ट असती तर तिच्या आड उभं राहता आलं असतं. आता आड काहीच नव्हतं.

"छापा," ती म्हणाली.

गाडीतून होनामीने कर्ण्यावर तिचं नाव पुकारलं. पुढची सभा बंदरावर, आधीच दहा मिनिटं उशीर. वार्ताहराने वहीचं पान उलटलं आणि पेन टेकवलं.

"पण परीक्षा घेणार कशी? कारखान्यात, खेकड्यांमध्ये?"

"गणिताची सांगते," शिनो म्हणाली. "लिहा."